दिवे तिकडे, बॅटरी इकडे

"सौरऊर्जा आता कोळशापेक्षा स्वस्त झाली, म्हणजे विजेचा प्रश्न सुटला" असं सांगणारी मंडळी भेटली की माझा त्यांना एकच प्रश्न असतो. संध्याकाळी साडेसात वाजता काय करायचं?

दुपारी बारा वाजता सगळं झकास असतं. ऊन भरपूर, पॅनेल्स जोरात, वीजबाजारात भाव अनेकदा इतका पडलेला की वीज घ्यायला कुणी नाही. आणि संध्याकाळी? सूर्य घरी गेला, माणसं घरी आली, दिवे, एसी, टीव्ही, मिक्सर, लिफ्ट सगळं एकदम चालू. त्याच बाजारात त्याच दिवशी भाव कितीतरी वेळा कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला १० रुपयांना जाऊन टेकतो. दुपारची वीज संध्याकाळी नेता आली तर प्रश्न सुटला. नाही आली तर छपरावर कितीही पॅनेल्स लावा, संध्याकाळी कोळसाच जळणार.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर वीज म्हणजे डाउनलोड नाही, लाइव्ह स्ट्रीमिंग आहे. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी तयार व्हावी लागते. तयार होणारी आणि वापरली जाणारी वीज जुळते आहे की नाही हे ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीवरून कळतं. ती ५० हर्ट्झच्या आसपास राहिली पाहिजे. मागणी वाढली की ती घसरते, मागणी पडली की चढते. फार हलली तर केंद्रं स्वतःला वाचवायला एकामागून एक बाहेर पडतात आणि मग अंधार. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताने हे भोगलंय. म्हणून ग्रिडला बफर लागतो. हा बफर कुठे बांधायचा आणि कुणाच्या डोक्यावर, हा आजच्या लेखाचा विषय.

पाण्याची करामत

५ एप्रिल २०२० आठवतोय? लॉकडाउन, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. कुणी पणत्या लावल्या, कुणी थाळ्या वाजवल्या. त्याच वेळी ग्रिड सांभाळणाऱ्या लोकांच्या पोटात गोळा आला होता, कारण त्या वीसपंचवीस मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. कोळशाचं केंद्र असं हलत नाही. त्याचा बॉयलर म्हणजे लग्नातला मोठा हंडा, तापायला वेळ आणि निवायलाही वेळ. मग हे सांभाळलं कुणी? पाण्याने. जलविद्युत केंद्रांनी त्या काळात जवळपास साडेसतरा हजार मेगावॉट कमी केले आणि लोकांनी दिवे लावल्यावर पुन्हा वर नेले. झडप मिटली, टर्बाइन मंद. झडप उघडली, टर्बाइन जोरात. काम मिनिटांचं.

म्हणून जलविद्युत म्हणजे "थोडीशी स्वस्त वीज" एवढंच समजणं चूक आहे. कोयना १९६० मेगावॉटची आहे, पण पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणीच सोडता येतं. त्यामुळे ती दिवसरात्र पूर्ण जोरात चालवायची चीजच नाही. अडीअडचणीला, विशेषतः संध्याकाळी, तिजोरीतल्या सोन्यासारखी ती बाहेर काढायची. कोळशाचं केंद्र जर महिन्याचा पगार असेल तर कोयना म्हणजे बायकोने डब्यात जपून ठेवलेले पैसे. :-)

आता यापुढची पायरी. पाणी एकदाच खाली न सोडता परत वर नेलं तर? याला सरकारी मराठीत 'उदंचन जलविद्युत' म्हणतात. शब्द भारी आहे, कल्पना साधी. डोंगरावर एक तळं, पायथ्याशी एक तळं. दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा पंप लावून पाणी वर चढवा. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करा. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. "म्हणजे तोटाच की!" असं म्हणणारे हमखास भेटतात. अहो, दोन रुपयाचा माल दहा रुपयाला विकताना पाचातला एक आंबा नासला तर बागवान धंदा बंद करतो का?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. अकोले तालुक्यातलं घाटघर आणि खाली शहापूर तालुक्यातलं चोंढे यांच्यामध्ये २००८ पासून २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे. सह्याद्रीचा तो कडा सुमारे चारशे मीटरचा. चारशे मीटरवरून एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी सोडलं की थोडीफार गळती धरून जवळपास एक युनिट वीज मिळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग जव्हार-मोखाडा कुठून आलं?

नकाशा काढा. सह्याद्री उतरून कोकणात येतो ती पायरी म्हणजे हे दोन तालुके. जव्हार साडेचारशे मीटरवर, मोखाड्यातलं सूर्यमाळ त्याहून वर, आणि खाली वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांची खोल खोरी. पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. मुंबई शंभरेक किलोमीटरवर. उदंचनाच्या माणसाला हा नकाशा दाखवला तर त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. आज या दोन तालुक्यांत असं एकही केंद्र नाही. पण शेजारी इगतपुरी-शहापूरच्या हद्दीत भावलीला १५०० मेगावॉटचा प्रस्ताव आहे. राज्य सरकारने जून २०२३ मध्ये एनएचपीसी आणि टोरेंट यांच्याशी मिळून १३,०५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचे करार केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी वेगळं धोरण आणलं. सह्याद्रीचा एकेक कडा मोजला जातोय. या डोंगरांची पाळी आली तर मला तरी आश्चर्य वाटणार नाही.

आणि नेमकं इथंच माझं डोकं फिरतं. कारण या भागाने मुंबईला काय काय दिलंय आणि बदल्यात काय मिळालंय, हा हिशोब अजून कुणी मिटवलेला नाही.

वैतरणेवर मोडकसागर १९५७ चं, त्याच्या वर अप्पर वैतरणा १९७३ चं, आणि या दोन्हींच्या मधे मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा, ज्याचं लोकार्पण २०१४ ला झालं. १०२ मीटर उंच धरण, साडेएकोणीस हजार कोटी लिटर पाणी. सगळं मुंबईला. त्याच धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगत्या सौर पॅनेल्सची महापालिकेची योजना आहे, म्हणजे पाण्यापाठोपाठ वीजही. दमणगंगा-पिंजाळ नदीजोडाचा सविस्तर अहवाल २०१४ ला झाला, त्यातलं पाणीही मुंबईसाठी. शेजारी विक्रमगडमधलं सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण आदिवासी शेतीच्या नावाने बांधलं आणि आता त्याचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी वळवलं जातंय.

आणि मोखाडा? मार्च-एप्रिल आला की टँकर. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो चार महिन्यांत उतारावरून धावत खाली जातो, आणि पाड्यावरची बाई विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरते. दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण कुणी केली माहीत नाही, पण करणाऱ्याने मोखाडा पाहिला असावा.

एक छोटासा हिशोब

मी इंजिनिअर माणूस, भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार आणि मोखाडा मिळून लोकसंख्या साधारण सव्वादोन लाख. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे दोन्ही तालुक्यांना मिळून रोज सव्वा कोटी लिटर. टंचाईचे चार महिने धरले तर दीडशे कोटी लिटर, म्हणजेच पंधरा लाख घनमीटर.

आता घाटघरएवढं एक केंद्र घ्या. २५० मेगावॉट, समजा संध्याकाळी सहा तास चाललं. वीज झाली पंधरा लाख युनिट. एका युनिटला एक घनमीटर, म्हणजे पाणी किती? पंधरा लाख घनमीटर.

पुन्हा वाचा. दोन अख्ख्या तालुक्यांच्या संपूर्ण उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी म्हणजे मध्यम आकाराच्या एका उदंचन केंद्राचं एका संध्याकाळचं पाणी! कडा घाटघरच्या निम्मा असेल तर त्याच विजेला दुप्पट पाणी लागेल, वरचं तळं दुप्पट मोठं होईल. म्हणजे तालुक्यांचा वाटा आणखी किरकोळ.

आणि मुंबई? ती रोज सुमारे ३९० कोटी लिटर पिते. तिच्या दर हजार लिटरमागे तीन लिटर बाजूला काढले तर या दोन तालुक्यांची तहान भागते. तेव्हा "पाणी नाही" हे कुणी सांगू नये. पाणी आहे. पाणी वर चढवायचा पंप नाही, कारण डोंगरावरच्या पंचवीस घरांच्या पाड्यासाठी पंप लावणं कुणालाच 'परवडत' नाही.

आता गंमत बघा. उदंचन केंद्र म्हणजे मुळात काय, तर पाणी डोंगरावर चढवायचा एक प्रचंड पंप! जे काम पाड्यासाठी 'परवडत' नव्हतं तेच काम मुंबईच्या संध्याकाळसाठी रोज होणार, त्याच डोंगरावर, त्याच पाड्याच्या शेजारी. मग त्या वरच्या तळ्याला गावासाठी नळ नसेल तर त्याला तांत्रिक कारण कुठलंही नाही. त्याला कारण एकच, नकाशावर पाडा दिसला नाही.

दोन्हीकडच्या मित्रांशी भांडण

एक बाजू म्हणते, "धरण म्हटलं की विनाश. काहीच नको." या मंडळींबद्दल मला आदर आहे, कारण इतिहास त्यांच्या बाजूने आहे. टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी, आणि पुढे मुळशीचं धरण आलं तेव्हा मावळ्यांच्या जमिनींसाठी सेनापती बापटांना १९२१ पासून सत्याग्रह करावा लागला. जमीन गेलीच. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही हक्कासाठी आंदोलनाला बसतात. तेव्हा संशय अगदी रास्त. पण नदी अडवून खोरं बुडवणारं धरण आणि पठारावरचं बंदिस्त तळं यात फरक केला पाहिजे. एकदा भरलं की तेच पाणी वरखाली फिरतं, फक्त बाष्पीभवन आणि झिरपा भरून काढायचा. खालचं तळं नवीन बांधायलाच हवं असंही नाही. मध्य वैतरणेत साडेएकोणीस कोटी घनमीटर पाणी मावतं. त्यातून पंधरा किंवा तीस लाख घनमीटर दुपारी वर नेऊन रात्री परत आणले तर मुंबईच्या नळाला पत्ताही लागणार नाही. कुठलं पठार पाणी धरेल ते भूगर्भवाले सांगतील. पण काहीच नको म्हणालो तर कोळसा चालू राहणार, पावसाचं वेळापत्रक आणखी बिघडणार, आणि त्याचा पहिला फटका वरई-नाचणीच्या उतारावरच्या शेतालाच बसणार. हाही विनाशच, फक्त हप्त्याने.

दुसरी बाजू म्हणते, "राष्ट्रहित आहे, हरित ऊर्जा आहे, घाई आहे, ग्रामसभा वगैरे नंतर बघू." या मंडळींबद्दल मला आदर नाही. एक तर हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा इथे लागू आहेत. ग्रामसभा ही औपचारिकता नाही, कायदा आहे. आणि घाईचं म्हणाल तर तोही बहाणा. लिथियम बॅटऱ्या गेल्या काही वर्षांत खूप स्वस्त झाल्यात आणि दोन-चार तासांचं काम त्या आज करू शकतात. त्या दहापंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, उलट खोपोलीचं केंद्र यंत्रं बदलून बदलून एकशेदहा वर्षांनंतरही वीज देतंय. म्हणून लांब पल्ल्याला, सहा-आठ तासांच्या साठ्याला, डोंगरातलं पाणी मला उजवं वाटतं. पण बॅटरी हा पर्याय हजर आहे याचा अर्थ "हाच डोंगर, नाहीतर अंधार" असं म्हणून कुणी गावाच्या डोक्यावर बंदूक ठेवू शकत नाही. गाव नाही म्हणालं तर नाही. ग्रिड कोसळणार नाही.

खरी मेख

हे सगळं वाचून "चांगले कंत्राटदार असले तर गावाचं भलं होईलच" असं कुणाला वाटत असेल तर ही मेख बघा. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणात एक चांगली तरतूद होती. प्रकल्पाच्या विजेतला एक टक्का वाटा स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी. थोडा होता, पण होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने उदंचन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नदीपासून दूर बांधलेल्या उदंचन प्रकल्पांना ही निधीची अट लागू नाही असं ठरलं. कारण? अशा प्रकल्पांचा पर्यावरणावर परिणाम कमी आणि पुनर्वसनाचा प्रश्न नाही म्हणून!

म्हणजे पठारावर माणूस राहत नाही हे आधीच गृहीत. ज्याने हे लिहिलं त्याला एकदा मे महिन्यात जव्हारच्या एसटीत बसवून पाठवला पाहिजे. पठारावर शेत असतं, गुरं चरतात, मोह असतो, कुडाचं घर असतं. सातबारा नसला तरी वनहक्काचा दावा असतो. बुडणारी घरं कमी म्हणून नुकसान शून्य, हा हिशोब एखाद्या जुनिअरने कोड रिव्ह्यूला आणला असता तर मी परत पाठवला असता. नल चेक विसरलास बाळा.

मग करायचं काय?

नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून मागण्या मांडतो. या डोंगरांत असा प्रकल्प यायचा असेल तर:

१. सर्वेक्षणाचा पहिला खुंटा ठोकायच्या आधी ग्रामसभा. मराठीत, आणि जमलं तर वारली-कोकणा बोलीत, मातीचं मॉडेल मांडून. पाणी कुठून येणार, किती, कुणाचं काय जाणार, सगळं समोर. नाही म्हणायचा हक्क खरा असला पाहिजे.

२. वरच्या तळ्याच्या तळाचा एक भाग पिण्यासाठी राखीव. वीजनिर्मितीची झडप त्याच्या वर, गावाचा नळ त्याच्या खाली. म्हणजे विजेची कितीही ओढाताण झाली तरी नळ शेवटी कोरडा पडेल. हे ड्रॉइंगमध्ये पहिल्या दिवशी हवं. मागाहून 'विचार करू' म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

३. दर युनिटमागे पाच पैसे थेट ग्रामसभांच्या खात्यात. २५० मेगावॉटच्या त्या केंद्राचे रोजचे पंधरा लाख युनिट धरले तर दिवसाला ७५ हजार रुपये, वर्षाला अडीच कोटींच्या वर. दहा रुपये भावाच्या संध्याकाळी पाच पैसे म्हणजे चहाच्या बिलावरची टिपही नाही. आणि ही भीक नाही, भाडं आहे. मुंबईत मोबाइल टॉवरला गच्ची दिली तर सोसायटी भाडं घेते ना? मग डोंगर काय फुकटात?

४. निधीची ती सूट रद्द. केंद्र करत नसेल तर राज्याने आपल्या करारात अट घालावी. करार राज्यच करतंय.

५. कायमच्या नोकऱ्या स्थानिक पोरांना, आणि त्यासाठी बांधकाम सुरू होण्याच्या आधी जव्हारला आयटीआयमध्ये पंप-टर्बाइन-विद्युत देखभालीचा अभ्यासक्रम. केंद्र उभं राहायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढ्यात आज आठवीत असलेली मुलगी तंत्रज्ञ होते. वीटभट्टीला न जाता.

यातलं काहीही अशक्य नाही, महाग तर मुळीच नाही. दुसऱ्या मागणीला एक पाइप लागतो, तिसरीला एक खातं.

"यामुळे प्रकल्प परवडणार नाहीत" असं कुणीतरी म्हणणारच. उत्तर साधं आहे. जो प्रकल्प शेजारच्या पाड्याला पाणी दिल्यावर आणि पाच पैसे भाडं दिल्यावर परवडत नाही तो मुळातच परवडत नव्हता. त्याचा खर्च आजवर दुसरं कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन भरत होतं, एवढंच.

मला हरित वीज हवी आहे. मनापासून हवी आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दुपारचं ऊन पाणी होऊन चढावं आणि संध्याकाळी वीज होऊन उतरावं, यापेक्षा सुंदर इंजिनिअरिंग मला सुचत नाही. पण ते पाणी ज्या दारावरून वर जाणार त्या दाराला एक घोट मिळत नसेल तर त्याला हरित म्हणू नका, जुनीच वीज नव्या रंगात म्हणा.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी उदंचनाच्या मेगावॉटचे आकडे फेकू लागला की टाळ्या वाजवायच्या आधी त्याला एकच विचारा. वरच्या तळ्याला गावाचा नळ किती इंची आहे?